आठव्या जागी तेल

तेलाची कुप्पी आधी सांगतो, कालवा मग. कुप्पी कळली नाही तर कालव्यावर काय घडलं ते कळायचं नाही.

माझं दुकान जवळा बाजारला, बाजारतळाच्या कडेला. दुकान म्हणजे वर चार पत्रे, एक लाकडी पेटी, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि आढ्याला टांगलेल्या दोन साखळ्या. त्या साखळ्यांत सायकल अडकवायची आणि कामाला लागायचं. पन्नासाच्या वर वर्षं झाली. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. हे लिहिलं ते मीच लिहिलं. नातीनं वाचून चार ठिकाणी काना-मात्रा सुधारला, पण शब्द बदलायला लागली तेव्हा कागद काढून घेतला.

लोकांना वाटतं सायकलचं काम म्हणजे पंक्चर. पंक्चर कोणीही काढतो. मिस्त्री ओळखावा तो चाकावरून. वाकडं झालेलं चाक सरळ करायला कोणतं यंत्र लागत नाही. चाक हळू फिरवायचं, बाजूला खडू धरायचा. जिथं खडू लागला तिथला आरा अर्धा आटा सोडायचा, समोरचा अर्धा आटा ओढायचा. पुन्हा फिरवायचं. घाई केली की चाकाचं अंडं होतं. माझ्या हातचं चाक घेऊन माणूस औंढ्याला जाऊन आला तरी खडूला लागणार नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक शिंपी होता, बाजार-बाजार फिरायचा. शिलाई मशीन कॅरियरवर बांधून यायचा. दर बाजाराला मागचं चाक वाकडं. मी म्हणायचो, "मामा, मशीन गाडीवर टाकून आणा." तो म्हणायचा, "वजनाचं काही नसतं मिस्त्री, चाकच खोटं हाय." दुसरा एक दूधवाला. चार किटल्या लावायचा आणि सायकलला ब्रेकच नाही. "ब्रेक काहून लावू? पाय हाय ना." चालत्या चाकावर चपलेचा तळवा दाबून थांबायचा. मी त्याला आयुष्यभर बोललो, त्यानं आयुष्यभर चपला बदलल्या.

आता तेलाचं. हिंगोलीला ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, त्या उस्तादांची एक शिस्त होती. काम काहीही असो, सायकल साखळीवरून खाली उतरायच्या आधी सात जागी तेल पडलंच पाहिजे. दोन पायडल, दोन चाकांचे आस, मधला आस, चेन, आणि सातवी जागा ब्रेकच्या सळयांचे सांधे. मागायची वाट बघायची नाही. उस्ताद म्हणायचे, "तेल से आजतक कोई सायकल मरी नै." मी ती शिस्त कधी मोडली नाही. नुसती हवा भरायला आलेल्या माणसाच्या सायकललासुद्धा माझी कुप्पी टकटक वाजल्याशिवाय राहिली नाही. सात जागी तेल टाकणारा मिस्त्री, अशी माझी ओळख. मला तिचा अभिमान होता. आहे म्हणा.

आता कालवा.

मागच्या हिवाळ्यात नांदेडहून निनाद नावाच्या माणसाचा फोन आला. पस्तिशीचा असेल. हा माणूस शहरातल्या लोकांना सायकलवर फिरवतो, तोच त्याचा धंदा. धरणापासून जवळा बाजारपर्यंत कालव्याच्या भरावावरून बाराजण येणार होते. सोबत एक टेम्पो. टेम्पोत पाणी, केळी, चिक्की, औषधाची पेटी, जादा ट्यूब आणि एक मिस्त्री. ज्याला झेपणार नाही त्यानं सायकलसकट टेम्पोत बसायचं. अशी सहल असते हे मला तेव्हाच कळलं. आमच्या काळी ज्याला झेपत नसे तो घरीच राहायचा.

"ऐतिहासिक कालवा आहे काका," निनाद म्हणाला.

आमच्या लेखी तो पाट. निजाम गेला, मग काही वर्षांनी खोदाई लागली, माणसांनी टोपल्यांनी आणि गाढवांनी माती ओढली. आमची हळद, आमचा गहू त्याच्यावर. पण तो ऐतिहासिक म्हणाला तर मी व्हय म्हणालो.

पुढं तो म्हणाला, "आमचा नेहमीचा मेकॅनिक लग्नाला गेलाय. तुम्ही फक्त पंक्चर आणि चेन बघा. ब्रेकला हात लावू नका, ते वेगळे असतात."

मी फोन ठेवला. तो पाळण्यात होता तेव्हा मी आख्ख्या बाजाराच्या सायकली सरळ करत होतो. मला सांगतो, हात लावू नका.

जायच्या दिवशी मी माझी काळी सायकल टेम्पोत चढवायला काढली. टेम्पो गफारचा. गफार आमच्याच गावचा, चाळिशीचा, जिभेला हाड नाही. म्हणाला, "मिस्त्री, तिथं बारा सायकली हायेत. ही तेरावी कायको?"

"मी हिच्याबगर गाव सोडत न्हाई."

आमची घरची दारातून बोलली, "गुडघ्याला तेल लावायचं सोडून लोकाच्या सायकलीला लावायला निघाले." गफार इतका हसला की त्यानं सायकल चढवून दिली.

धरणाखाली सकाळी ती मंडळी भेटली. सगळ्यांच्या डोक्यावर टोपरी, अंगाला घट्ट कपडे. सायकली मात्र देखण्या. रबर जाड, बांधणी हलकी, एका हातानं उचलावी. पण एकीलाही घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही. मी मनात म्हणालो, ही अर्धी सायकल झाली. ब्रेकला सळई नव्हती, वायर होती. ती वायर चाकाच्या मधोमध गेलेली, आणि तिथं आसाजवळ बशीएवढी भोकाभोकाची पोलादी चकती. चकती एका छोट्या चिमट्यातून फिरत होती. मी लांबून बघून घेतलं. विचारलं कोणाला नाही. विचारायला पाहिजे होतं.

कालव्याला पाळीचं पाणी सुटलेलं होतं, काठोकाठ. सायकलवाले भरावावरून निघाले. भरावाच्या तोंडाशी दगडी खुंट रोवलेले आहेत, टेम्पो आत जात नाही. म्हणून आम्ही गावाच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि जिथं रस्ता कालव्याला भेटतो तिथं थांबायचं, असं ठरलेलं.

पहिला थांबा एका पाणीवाटपाच्या दाराजवळ होता. मी दोन पंक्चर काढली, एक चेन बसवली. मंडळी केळी खात बसली. त्यात शैलाताई म्हणून एक बाई होत्या. साठीच्या, शाळेवरून नुकत्याच रिटायर झालेल्या, राहायला नांदेडला. त्या केळं हातात धरून कालव्याकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, माझ्या आईनं ह्या भरावावर माती टाकलीय. मी पोटात होते तेव्हा. ती नेहमी सांगायची, धरणापासून जवळ्यापर्यंत पायाखाली घातलाय म्हणून. मला तेवढाच पल्ला करायचाय. टेम्पोत न बसता."

"व्हतंय की ताई. सपाट तर हाय."

"पण पुढचं चाक बघा ना जरा. ब्रेक दाबला की कुईकुई करतं. कानाला सहन होत नाही."

निनाद कालव्याच्या दारावर चढून सगळ्यांचे फोटो काढत होता.

मी खाली बसलो. चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला. कुई. कोरडं पोलाद घासल्याचा आवाज, पन्नास वर्षं ओळखीचा. माझ्या हातात कुप्पी होतीच. निनादचं बोलणं मला आठवत होतं, विसरलो म्हणणार नाही. आठवत होतं म्हणूनच जास्त वाटलं की दाखवू याला. चिमट्यात चार थेंब, चकतीला दोन थेंब. चाक फिरवलं, पुन्हा ब्रेक दाबला. आवाज बंद. चाक फिरतच राहिलं, लोण्यासारखं. मी ते मोकळं फिरणारं चाक बघून खूश झालो. ब्रेक दाबल्यावर चाक मोकळं फिरतंय, याचा अर्थ काय होतो, हे त्या घडीला माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात आवाज होता, आणि आवाज गेला होता.

"मागच्यालाबी टाकतो," मी म्हणालो. टाकलं.

ताईंनी विचारलं, "चालेल ना?"

"न बघता चालवा," मी म्हणालो. दोघंतिघं बघत होते त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

ती माझी आठवी जागा.

मंडळी पुढं गेली. एक मात्र मागं राहिला. हर्षल नावाचा, अंगानं भरलेला, बँकेतला तरुण. त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. त्याची सायकल मागं टाकली, तिचं पुढचं चाक काढावं लागलं, ते चाक तो गुडघ्यांत धरून पुढंच बसला. गफार चालवतोय, मधे मी, कडेला हर्षल. माझ्या मांडीवर पिशवी, हातात कुप्पी.

एका मोठ्या चिंचेखालून टेम्पो जात होता. रस्ता खराब, गाडी उडाली, कुप्पीतून एक थेंब माझ्या हातावर सांडला. हर्षलनं चाक एकदम आपल्या छातीशी ओढलं.

"काका, ती कुप्पी लांब धरा हो. डिस्कवर थेंब पडला तर ब्रेक गेलाच."

"गेला म्हंजे?"

"लागतच नाही मग. तेल पितात ते आतले पॅड. कितीही दाबा, चाक फिरतच राहतं. पॅड फेकून द्यावे लागतात." मग हसून म्हणाला, "आमच्यातला एकजण असाच घाटात पडला होता. सहा महिने कुबड्या."

मी कुप्पी पिशवीत घातली. पिशवीचं तोंड बांधलं.

आता या कालव्यावरचं एक ठिकाण सांगतो. पुढं एक मोठा नाला आहे. कालवा त्या नाल्यावरून उंच दगडी खांबांच्या पुलावरून जातो. पण तो पूल फक्त पाण्याचा, माणसाला जागा नाही. माणसानं भराव सोडून डाव्या हाताला नाल्यात उतरायचं आणि पलीकडून चढायचं. उतरण शंभर पावलांची असेल, पण बैलगाडीवाले जू धरून पायी उतरतात अशी. खाली वळण, वळणावर गुडघ्याएवढा कठडा, कठड्याखाली नाल्यातले धोंडे. माझ्या दुकानात त्या उतरणीनं मोडलेल्या किती सायकली आल्या याची गणतीच नाही. भराव सारा सपाट. सपाटीवर ब्रेक कोण मारतो? पाय थांबवले की सायकल थांबते. ताईंना ब्रेक दाबायची पहिली गरज पडणार होती ती त्या उतरणीवर.

हे सगळं मला चिंचेखालीच कळलं होतं.

आणि मी बोललो नाही.

काय बोलणार होतो? "मी तेल टाकलं." तीनच शब्द. पण शेजारी तो बँकेतला पोरगा, ज्याला आरा कोणता आणि छर्रा कोणता ते ठाऊक नसेल, आणि तो मला सांगणार की पन्नास वर्षं काम केलेल्या मिस्त्रीला एवढं माहीत नाही. मग ते निनादला कळणार. मग गावात कळणार, गफार बसलेलाच होता. मी मनात म्हणालो, थोडंच तर टाकलं, वाऱ्यानं वाळेल. म्हणालो, ताई उतरून चालत जातील. म्हणालो, हर्षल वाढवून सांगत असेल.

मग म्हणालो, "निनादरावाला फोन लावून बघा बरं."

"कशाला?"

"सहज. कुठंवर पोचले ते."

हर्षलनं लावला. वाजून वाजून बंद झाला. "चालवताना तो उचलत नाही," हर्षल म्हणाला. मी त्याला दुसऱ्या कोणाला लावा म्हणालो नाही. गफारनं एकदा माझ्याकडं बघितलं. "काय मिस्त्री, इत्ते चुप? केळं बाधलं का?"

"गाडी बघून चालव."

पुढं रस्ता थोडा चढतो आणि शेतांपलीकडं त्या पाण्याच्या पुलाचे खांब दिसतात. हळदीच्या हिरव्या पानांवर उभे असल्यासारखे. ते दिसले आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबव."

तिथंच रस्त्याचा पूल कालव्यावरून जातो. मी उतरून भरावावर बघितलं. धुळीत त्या जाड रबरांच्या खुणा ताज्या होत्या. मंडळी पुढं निघून गेलेली.

"माझी सायकल काढ."

"झालं काय पन?" गफार म्हणाला.

"एक काम राहिलं हाय."

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं सायकल कशी मारावी ते मी सांगू शकत नाही, कशी मारू नये ते सांगतो. धोतराचा सोगा न खोचता मारू नये. पहिल्या दमात सगळा जोर घालू नये. मी दोन्ही केलं. सोगा चेनीत अडकला, थांबून ओढून काढला, फाटला. गुडघा पहिल्या फर्लांगातच बोलायला लागला. वारा समोरून. पण सायकल माझी होती, सात जागी तेल प्यालेली. तिनं एक आवाज केला नाही.

वाटेत कालव्यावर दोघी बाया धुणं धुवत होत्या. एक ओरडली, "आजोबा, कुठं आग लागली?"

"माझ्याच घरी, बाई! सायकलवाले किती येळ झाला?"

"आत्ता गेले की. फोटो काढत काढत चालले."

त्या फोटोंना मी एरवी नावं ठेवली असती. त्या दिवशी देवाला हात जोडावे तसं वाटलं.

पायडल मारता मारता मी एक गोष्ट जुळवत होतो, ती पण लिहून टाकतो. मी ठरवलं होतं की गेल्यावर म्हणायचं, "ताईच्या चाकाचा नट ढिला दिसला व्हता, कसायचा राहिला." मग ब्रेक बघितल्यासारखं करायचं, बिघडला म्हणून सांगायचं आणि ताईला टेम्पोत बसवायचं. माणूस वाचला, नाव वाचलं. गोष्ट पक्की होती.

उतरणीच्या तोंडाशी मंडळी उभी होती. निनाद एकेकाला सोडत होता. दोघंजण खाली पोचले होते. शैलाताईंचा एक पाय पायडलवर, दुसरा जमिनीवर, तोंड उतरणीकडं. मी हाक मारायला गेलो तर छातीत वारा नाही. आवाजच फुटेना. मग घंटी वाजवली. त्या बाराजणांत एकाच्याही सायकलला घंटी नव्हती, म्हणून सगळ्यांनी मागं वळून बघितलं. ताईंनीसुद्धा. बघायला वळल्या आणि पायडलवरचा पाय त्यांनी खाली टेकवला.

मी जाऊन त्यांचं हँडलच धरलं.

"काका? तुम्ही इथं कसे?" निनाद म्हणाला.

"नट," मी म्हणालो. दम लागला होता. "नट ढिला दिसला व्हता."

निनादनं वाकून नट बघितला. नट कुठला ढिला असणार? मग त्यानं सवयीनं दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढं ढकलली. सायकल चालू लागली. त्यानं पुन्हा दाबले. पुन्हा चालली. त्याचा चेहरा पांढरा झाला आणि मग लाल झाला, आणि तो ताईंवर वळला.

"मॅडम, हे काय आहे? ब्रेक नाहीत तुमच्या सायकलला. ग्रुपवर मी तीनदा लिहिलं होतं की सर्व्हिसिंग करूनच या. तुम्हाला काही झालं असतं तर जबाबदार कोण?"

"सकाळी चांगले होते हो," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. चाळीस वर्षं लोकांच्या लेकरांना शिकवलेली बाई, चार लोकांत खाली मान घालून उभी. "मी करून आणली होती सर्व्हिसिंग."

"असं कसं होईल? आता टेम्पोत बसा तुम्ही. पुढं सोडू शकत नाही मी."

माझी गोष्ट इथपर्यंत पक्की होती. सगळं मी जुळवलं होतं तसंच झालं होतं. ताई जिवंत होत्या, टेम्पोत बसणार होत्या, मला कोणी काही विचारत नव्हतं. फक्त दोष कोणाकडं जाईल ते मी धरलं नव्हतं.

"ताईची चूक न्हाई," मी म्हणालो. "तेल मी टाकलं."

"कशाला?"

"ब्रेकला. पहिल्या थांब्यावर. वाजत व्हता."

निनाद म्हणाला, "मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, ब्रेकला हात लावू नका."

"सांगितलं व्हतं."

"मग?"

"मग टाकलं."

ताईंनी उतरणीकडं बघितलं. वळणाकडं, कठड्याकडं. मग बाजूच्या दगडावर बसल्या आणि पाणी प्यायल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मिस्त्री, मी विचारलं होतं ना, चालेल ना म्हणून?"

"व्हय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"न बघता चालवा म्हनलो."

त्यांनी मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या उठल्या, माझ्या काळ्या सायकलकडं गेल्या. तिचे ब्रेक दाबून बघितले. दोन्ही चाकं जागच्या जागी अडली.

"ही द्या मला."

"ताई, ही बाप्यांची सायकल हाय. मधी दांडी हाय."

"दांडीच्या मधून पाय घालून शिकले मी, वसमतला, माझ्या काकांच्या सायकलवर. सीट खाली घ्या."

मी पाना काढला. आयुष्यात सीट खाली घ्यायला मला एवढा वेळ कधी लागला नसेल. सीट दांडीला टेकेपर्यंत खाली घेतली, दोनदा कसली, हलवून बघितली. कुप्पीकडं हात जात होता, तो मागं घेतला.

निनाद पुढं आला. त्यानं ब्रेक दाबून बघितले, ओढून बघितले, आणि नुसता बाजूला झाला. ताई उतरणीवरून गेल्या त्या सरळ पाठीनं, दोन्ही सळया ओढून धरत, इंच इंच. वळणावर थांबल्या, पाय टेकवला, पुन्हा निघाल्या. पलीकडं पोचल्यावर त्यांनी घंटी वाजवली.

त्यांची सायकल मी उतरवली. हातानं, सीट आणि हँडल धरून. त्या सायकलवर कोणी बसलेलं नव्हतं, तरी ती मला ओढत होती. निम्म्यावर माझी चप्पल घसरली आणि मी तिच्यासकट चार पावलं गेलो. हर्षलनं सांगितलेलं मला तेव्हा हाताला कळलं. उस्तादांचं बोलणं तिथं आठवलं. तेलानं सायकल मरत नाही, खरंच आहे ते. सायकलचं काय झालं असतं? दोन आरे आणि एक चाक. मी ते सरळ करून दिलं असतं.

पुढच्या थांब्यावर टेम्पो उभा होता. निनादनं स्पिरिटनं चकती पुसली, आतले पॅड काढले. बिस्किटाच्या तुकड्याएवढे, तेलानं काळे झालेले. त्याच्याकडची जोडी त्या सायकलला बसेना. म्हणून शैलाताई जवळ्यापर्यंत माझ्याच सायकलवर आल्या. शेवटचे बारा-तेरा किलोमीटर. मी टेम्पोत बसलो, त्यांची सायकल मांडीला धरून. बारा माणसांच्या सहलीत हर्षलनंतर सायकलसकट टेम्पोत बसायची पाळी आली ती मिस्त्रीवर.

जवळ्याला बाजारतळावर लोक जमलेच होते. घंटी वाजवत ताई आल्या आणि थेट माझ्या दुकानासमोर उतरल्या. सायकल स्टँडला लावली. म्हणाल्या, "झाला आईचा पल्ला." मग सायकलच्या दांडीवर हात ठेवून, "सायकल चांगली ठेवलीय तुम्ही." एवढंच. पाया पडायला मी वाकणार होतो, तर त्यांनी दोन्ही हात पुढं करून थांबवलं. "वयानं मोठे आहात, असं करू नका."

निनाद जाताना म्हणाला, "काका, पुढच्या वेळी सांगितलं तेवढंच करा." म्हणजे पुढची वेळ आहे, असं मी धरलं.

ते काळे झालेले पॅड मी मागून घेतले. दुकानात साखळीशेजारी खिळ्याला टांगलेत. कोणी विचारलं तर सांगतो कशाचे आहेत. गिअरच्या सायकली आता आमच्या गावातही येतात, त्यांची चकती मी फडक्यानं झाकतो आणि मगच कुप्पी उचलतो. सात जागी टाकतो. आठवी सोडतो.

पण हे लिहायला बसलो ते याच्यासाठी नाही. हर्षलनं त्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं की काकांना कळल्याबरोबर टेम्पो थांबवला आणि सत्तरीतला माणूस सायकल मारत गेला. माझा फोटो गावातल्या पोरांनी मोबाइलवर फिरवला. ज्या अंकासाठी हे लिहितोय त्याच्या मंडळींनी तेच मोबाइलवर वाचलं आणि म्हणाले, मिस्त्री, तो किस्सा लिहून द्या. ग्रामपंचायतीसमोर एकानं मला हार घातला. मी घालून घेतला.

दुसऱ्या दिवशी गफार दुकानात चहा प्यायला आला. बशीत ओतून फुंकत फुंकत म्हणाला, "मिस्त्री, लोकं काय काय बोलून राहिले. ऐकून मजा येती."

"येऊ दे."

"कळल्याबराबर गाडी थांबवली म्हनतेत."

मी चाक फिरवत होतो. खडू धरलेला होता.

"चिंचेखाली तुमी कुप्पी पिशवीत घातली," गफार म्हणाला. "तवाच तोंड उतरलं तुमचं. मी बघून राहिलो व्हतो. गाडी तर तुमी पुलावर थांबवली."

"मग बोलला काहून न्हाई?"

"मला काय ठाव काय झालं ते? वाटलं, तुमीच बोलाल."

त्यानं चहा संपवला, बशी धुऊन ठेवली आणि गेला. त्यानं हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. इतका बडबड्या माणूस, पण सांगितलं नाही.

चिंचेपासून मी गाडी थांबवली त्या रस्त्याच्या पुलापर्यंत दोन किलोमीटर आहेत. मी नंतर सायकलवर जाऊन बघून आलो. तेवढं सांगायचं राहिलं होतं.